मिस्त्रींचे तेवीस सिलिंडर

फ्रीज दुरुस्तीच्या धंद्यात एक आवाज असतो. फुस्स. जुन्या फ्रीजच्या पाठीमागची तांब्याची नळी कापली की आतला गॅस बाहेर पडतो, त्याचा हा आवाज. तो ऐकला की मिस्त्री कामाला लागला असं गिऱ्हाईक समजतं आणि निर्धास्तपणे चहा टाकायला आत जातं. गॅसला रंग नाही, वास नाही आणि तक्रार करायला तोंडही नाही. तो जातो वर. वर आभाळ आहे, ते कुणाच्या नावावर नाही, तिथे पहारेकरी बसत नाही आणि 'येथे कचरा टाकू नये' अशी पाटी ठोकायला भिंतही नाही. मग काय, टाका बिनघोर.

आपले मिस्त्री या फुस्समध्ये बावीस वर्षं अव्वल होते. त्यांच्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, "जुनं आधी जाऊ द्यावं, मग नव्याला हात घालावा." वाक्य प्रवचनात शोभेल असं, पण अर्थ एवढाच की नळी काप आणि वेळ घालवू नकोस. मिस्त्रींनी कधी वेळ घालवला नाही. पाच मिनिटांत जुना गॅस आभाळाला दान, वीस मिनिटांत नवा आत, आणि अर्ध्या तासात मिस्त्री पुढच्या दारात. आख्ख्या वस्तीत त्यांच्या हाताला गुण आहे असं लोक म्हणत.

मग पर्यावरण खात्याला जाग आली. अशी जाग खात्याला अधूनमधून येते, आणि कूस बदलून पुन्हा झोप लागेपर्यंत टिकते. जाग आल्याच्या त्या भरात खात्याने वस्तीतल्या चाळीस मिस्त्रींसाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं. शेवटच्या दिवशी हत्यारांची बॅग फुकट मिळणार होती, त्यामुळे चाळीसच्या चाळीस हजर. दुसऱ्या दिवशी एका मॅडमनी सांगितलं की फ्रीज-एसीतल्या या गॅसचा एक किलो हवेत गेला, की तो दीड-दोन हजार किलो कार्बन डायऑक्साइडइतकी पृथ्वी तापवतो. अगदी जुन्या जातीचा असेल तर दहा हजार किलोइतकी. एकोणचाळीस मिस्त्रींनी माना डोलावल्या, कारण जेवणाची वेळ झाली होती. आपल्या मिस्त्रींनी मात्र आकडा तळहातावर लिहून घेतला. माणसाची दशा फिरायची असली की अशी दुर्बुद्धी होते.

घरी येऊन त्यांनी कॅलेंडरच्या पाठीवर गुणाकार केला. दिवसाला इतकी मशीनं, मशीनमागे इतका गॅस, वर्षं बावीस. उत्तर आलं ते पाहून त्यांना वाटलं, एखादं शून्य जास्त पडलं. पुन्हा केला. शून्य आपल्या जागी ठाम. त्या दिवशी मिस्त्री जेवले नाहीत. बायकोने विचारलं, "अहो, काय होतंय?" तर म्हणाले, "एवढा मोठा धूर मी एकट्याने केलाय गं, आणि माझ्या हाताला काजळीसुद्धा लागलेली नाही."

बायको म्हणाली, "जेवून घ्या. रिकाम्या पोटी असले विचार येतात."

पण विचार काही गेला नाही. प्रशिक्षणात बॅग सगळ्यांना मिळाली होती, गॅस ओढून घेणारं मशीन कुणालाच नव्हतं. ते मिस्त्रींनी पदरमोड करून आणलं. फ्रीजला नळी जोडायची, मशीन चालू करायचं आणि जुना गॅस सिलिंडरमध्ये उतरेपर्यंत शांत बसायचं. एसी मोठा असला की चांगली चाळीस मिनिटं. मॅडमनी सांगितलं होतं की स्वच्छ गॅस पुन्हा वापरा, आणि सरमिसळ झालेला, तेलकट, जळका गॅस साठवून ठेवा. तो जाळून नष्ट करणारं केंद्र लवकरच सुरू होत आहे.

'लवकरच' हा शब्द त्यांनी नऊ वर्षांपूर्वी उच्चारला होता.

इकडे गिऱ्हाइकांचं डोकं फिरलं. चाळीस मिनिटं घरात एक मिस्त्री नळी धरून बसलेला कुणाला खपतो? त्यात मिस्त्रींना बोलायची खोड लागली.

"मिस्त्री, गॅस संपलाय, तेवढा भरून द्या," गिऱ्हाईक म्हणे.

"गॅस संपत नसतो. गळतो."

"तेच ते."

"तेच ते कसं? शेगडीतला गॅस जळतो म्हणून संपतो. ह्यातला जन्मभर तोच फिरतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी भोक आहे. आधी भोक शोधू."

"भोक राहू द्या हो, तुम्ही भरा. आमचा आधीचा मिस्त्री दर उन्हाळ्यात भरून द्यायचा, एका शब्दाने विचारायचा नाही. फार सज्जन माणूस."

असे सज्जन वस्तीत एकोणचाळीस होते. निम्मी गिऱ्हाइकं त्यांच्याकडे गेली. उरली ती एक तर मिस्त्रींच्या नात्यातली, नाही तर घाई नसलेली पेन्शनर मंडळी, ज्यांना चाळीस मिनिटं बोलायला कुणीतरी हवंच होतं. लोकांनी त्यांचं नाव 'गॅसवेडा' ठेवलं.

सिलिंडर भरत गेले. पहिला दुकानात मावला. पाचवा घराच्या मागच्या पडवीत गेला. तिथे सावली होती आणि वारा खेळावा म्हणून मिस्त्रींनी जाळीचं दार बसवलं होतं. प्रत्येक सिलिंडरवर खडूने आतल्या गॅसचं वजन लिहिलेलं. दहा किलो दोनशे. नऊ किलो आठशे. बायको त्यांच्यावर ओली फडकी वाळत घाली. पाहुणे विचारत, हे काय? ती सांगे, "लोकांच्या घरात दागिने साठतात, आमच्यात हवा. तीही वापरलेली." पण पडवीला कुलूप तीच लावायची, आणि खडू पुसट झाला की पुन्हा गिरवायचीही तीच.

दर सहा महिन्यांनी मिस्त्री खात्याला पत्र लिहीत: सिलिंडर भरले आहेत, केंद्राचं काय झालं? उत्तर येई: आपला विषय विचाराधीन आहे. सातव्या वर्षी उत्तराऐवजी सत्काराचं निमंत्रण आलं. मिस्त्री परीटघडीचा शर्ट घालून गेले. सभागृहाचा एसी बंद पडला होता आणि प्रमुख पाहुणे मिस्त्रींच्याच मानपत्राने वारा घेत होते. आयोजक कानाशी येऊन म्हणाले, "मिस्त्री, आलाच आहात तर जरा बघता का?" सत्कारमूर्तींनी स्टूलवर चढून पाहिलं. सांध्यातून गळत होतं. त्या एका वर्षात तीनदा गॅस भरला होता आणि तिन्ही वेळा आभाळाला गेला होता. मिस्त्री म्हणाले, "सांधा काढून नीट करतो, दोन तास लागतील." आयोजक म्हणाले, "भोकाचं नंतर बघू हो. तापमानवाढीवर भाषण व्हायचंय, लोक घामाने भिजलेत." मिस्त्रींनी भरायला नकार दिला. मानपत्र त्यांना मिळालं, पण चुरगळलेलं.

आता दादांबद्दल सांगायला हवं. दादा म्हणजे मिस्त्रींचे सख्खे थोरले भाऊ. वडील गेले तेव्हा मिस्त्री नऊ वर्षांचे आणि दादा सोळाचे. दादांनी शाळेला रामराम ठोकला, भंगाराची हातगाडी ओढली आणि धाकट्याला दहावी करून उस्तादांकडे लावलं. आज गल्लीच्या तोंडाशी दादांचं भंगाराचं यार्ड आहे, एक टेम्पो आहे आणि उजव्या हाताला तीन बोटं आहेत.

उरलेल्या दोन बोटांची हकिगत अशी. पूर्वी एकदा टेम्पोत माल चढवताना एक भरलेला सिलिंडर दादांच्या हातातून निसटला. त्याचं तोंड तुटलं आणि तो पिसाळल्यासारखा यार्डभर धावला. तेव्हापासून यार्डात एक नियम आहे: भरलेलं काही उचलायचं नाही. डबा असो, पिंप असो की सिलिंडर, आधी तोंड उघडायचं, उलटं करून उन्हात ठेवायचं, ठोकून आवाज ऐकायचा आणि मगच हात लावायचा. "रिकामं ते आपलं, भरलेलं ते यमाचं," असं दादा नव्या हमालाला पहिल्या दिवशी ऐकवतात. एका बाजूने उस्तादांचा मंत्र, दुसऱ्या बाजूने दादांचा. मध्ये आभाळ.

धाकट्याचं वेड दादांना कळत नव्हतं, पण धाकटा आपला होता. यार्डात येणारे जुने फ्रीज दादा कटरने फाडायचे, तांबं वेगळं, पत्रा वेगळा. मिस्त्रींनी हातापाया पडून एवढं कबूल करून घेतलं की दादा फ्रीज गुरुवारपर्यंत ठेवतील, गुरुवारी मिस्त्री येऊन गॅस ओढतील, आणि मग चालवा कटर. दर गुरुवारी मिस्त्री नळी लावून बसत आणि पृथ्वी, तापमान, आभाळ यांवर बोलत. दादा विडी ओढत हूं हूं करत. नऊ वर्षांत दादांनी त्यातलं अक्षरही ऐकलं नाही. प्रेमाच्या माणसाचं बोलणं ऐकायलाच हवं असं थोडंच आहे?

आणि मग ते पत्र आलं. केंद्र सुरू झालं होतं. शुक्रवारी खात्याची गाडी येऊन सिलिंडर नेणार होती. त्याआधी गुरुवारी अर्जदाराने खात्यात जातीने हजर राहून नोंदणी करायची होती, फॉर्म तीन प्रतींत. मिस्त्रींनी पत्र बायकोला दोनदा वाचून दाखवलं. बायकोने तिसऱ्यांदा स्वतः वाचलं आणि म्हणाली, "सुटलात हो एकदाचे." मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं. कॅलेंडरच्या पाठीवरच्या त्या आकड्यातून आपण थोडं तरी वजा केलं, असं सांगायला आता त्यांच्याकडे काहीतरी होतं. बावीस वर्षांचं पाप फिटणार नव्हतं, पण नऊ वर्षांची ही फेड तरी खरी होती.

संध्याकाळी ते यार्डात गेले. "दादा, उद्या मी दिवसभर खात्यात. परवा गाडी येतेय, पण ती गल्लीत वळत नाही. माझी कंबर तुला माहीतच आहे. माझे सिलिंडर तेवढे तुझ्या फाटकाशी नेऊन ठेवशील?"

"नेतो की. त्यात काय," दादा म्हणाले. "पण ते लोक त्या गॅसचं करणार काय?"

"नष्ट करणार. भट्टी बांधलीय."

"म्हणजे संपवणारच?"

"संपवणारच."

"बरं," दादा म्हणाले. विषय त्यांच्यापुरता मिटला.

गुरुवारी मिस्त्री खात्याच्या बाकावर सकाळी दहापासून बसले. पहिली प्रत भरून झाल्यावर कळलं की शाई निळी चालत नाही. दुसरी भरल्यावर कळलं की ज्यांच्यासमोर सही करायची ते साहेब जेवायला गेलेत. साहेब जेवून आले ते झोप अंगावर घेऊनच. "किती नग?" त्यांनी विचारलं. "तेवीस," मिस्त्री म्हणाले. "दोनशे एकतीस किलो." साहेबांनी फक्त तेवीस लिहिलं. मिस्त्रींना त्याचंही काही वाटलं नाही. बस पकडून ते घरी निघाले तेव्हा दिवस कलला होता, आणि वरातीत निघाल्यासारखा त्यांचा चेहरा होता.

यार्डाच्या फाटकाशी तेवीस सिलिंडर ओळीने उभे होते. डोक्यावर. तोंडं खाली, बूड वर. शेवटच्या चार-पाचांच्या तोंडांवर पांढरं दव गोठलं होतं आणि खालची माती ओली झाली होती. एक अजून बारीक सुसकारा टाकत होता. दादा त्याच्याशेजारी स्टूलावर बसून, पाना मांडीवर ठेवून, गार पडलेले हात चोळत होते.

"आलास?" दादा खुशीत म्हणाले. "झालं बघ तुझं काम. सकाळपासून लागलो होतो. पडवीतून एकेक दोरीने सरकवत आणला, मध्येच उचलला नाही. इथे उघड्यावर रिकामे केले. आता कुणालाही उचलू दे, बोट जाणार नाही कुणाचं."

मिस्त्रींनी ओळीतला पहिला सिलिंडर हलवून पाहिला.

"अरे, ते तरी काय करणार होते?" दादा म्हणाले. "संपवणारच होते ना? मीच संपवला. एवढं भरलेलं ओझं रस्त्याने नाचवत कशाला न्यायचं? आणि तू ह्या कंबरेने मध्ये मध्ये करणार. तुझं काही बरंवाईट झालं असतं तर?"

बायको मागून आली. तिचे डोळे लाल झाले होते. "मी म्हटलं त्यांना, ह्यांना येऊ द्या, विचारून करा. तर म्हणाले, विचारायचं काय, मोठा मी आहे."

मिस्त्री त्या शेवटच्या सिलिंडरपाशी गेले, वाकले आणि त्याचं तोंड बंद केलं. सुसकारा थांबला. आत पावशेर गॅस राहिला असेल. दादांवर ओरडावं असं त्यांना फार वाटलं. पण ज्या हाताने हे केलं त्याच हाताने, पाच बोटं होती तेव्हा, त्यांना शाळेच्या फाटकापर्यंत पोचवलं होतं. आणि आधीची बावीस वर्षं त्यांनी स्वतः दुसरं काय केलं होतं? हवेत गेलं म्हणजे संपलं, असं तेही मानत होतेच की. ते नुसतं म्हणाले, "दादा, हात शेकून घे. गार पडलेत." आणि घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

शुक्रवारी गाडी आली. सोबत ते कालचे साहेब आणि फोटो काढणारा एक माणूस. हमालांनी सिलिंडर खेळण्यासारखे फेकत चढवले आणि एवढा हलका माल आजवर उचलला नव्हता म्हणून आनंदले.

मिस्त्री पुढे झाले. "साहेब, रिकामे आहेत. सगळे. चुकून हवेत सोडले गेले."

साहेबांनी फॉर्म खालीवर पाहिला. "तसा रकाना नाही हो ह्यात. नगसंख्या विचारलीय. तेवीस आहेत ना?"

"आहेत. पण आत काही नाही."

"मग तक्रार कसली? आज संध्याकाळी आकडा वर जायचाय. आमचं पहिलंच संकलन आहे. जरा हसा बघू."

फोटो निघाला. पोचपावतीवर शिक्का बसला: तेवीस नग प्राप्त, संकलन यशस्वी. भट्टीला जाळायला काही मिळालं नाही, पण भट्टीचंही कोण ऐकून घेणार? खातं खूश होतं, हमाल खूश होते, आभाळाने नेहमीप्रमाणे चकार शब्द काढला नाही. त्या गॅसची आठवण काढणारा साऱ्या जगात एकच माणूस होता.

दादा फाटकाला टेकून सगळं बघत होते. कटरचा आवाज आयुष्यभर ऐकून त्यांना कानाने कमी ऐकू यायचं, पण डोळे शाबूत होते, आणि फोटोसाठी हसणाऱ्या धाकट्याचा चेहरा त्यांनी असा एकदाच पाहिला होता, वडील गेले त्या दिवशी. गाडी गेल्यावर ते जवळ आले.

"धाकट्या, किती होतं रे ते?"

"दोनशे एकतीस किलो."

"हवेत गेलं तर... म्हणजे किती?"

मिस्त्रींनी नऊ वर्षं आकडे सांगितले होते. आता त्यांना त्राण नव्हतं. समोर टेम्पो उभा होता, त्याकडे त्यांनी बोट केलं. "तुझा हा टेम्पो रोज चालवायचा. तू, तुझा मुलगा, तुझा नातू. शंभर वर्षं. तेवढा धूर."

दादांनी टेम्पोकडे पाहिलं. मग आभाळाकडे. आभाळ स्वच्छ निळं होतं, कुठे एक डाग नाही. बराच वेळ ते काहीतरी शोधत असल्यासारखे वर पाहत राहिले. "दिसत कसं नाही रे?" ते म्हणाले, आणि आत निघून गेले.

पुढच्या गुरुवारी मिस्त्रींना जायचं नव्हतं. नळी बॅगेतच पडून होती. बायकोने बॅग आणून पायाशी ठेवली. "पडवी रिकामी झालीय. आता फडकी कुठे वाळत घालू?" ती म्हणाली. मिस्त्री उठले.

यार्डात सहा जुने फ्रीज ओळीने मांडले होते, पाठी बाहेर, नळ्या पुसून. कटर खुंटीला टांगलेला. दादांनी नळी मिस्त्रींच्या हातातून घेतली, "तू बस, कंबर सांभाळ," म्हणाले, आणि स्वतः उकिडवे बसून तीन बोटांच्या हातात ती धरून राहिले. विडी पेटवली नाही. मशीन गुरगुरत होतं. अर्ध्या तासाने त्यांनी विचारलं, "झालं?"

"नाही अजून."

"असू दे. मी बसलोय."

सहावा फ्रीज झाल्यावर मिस्त्रींनी सिलिंडर तोलला आणि वजन लिहायला खडू काढला. दादांनी खडू मागून घेतला. लिहायचा त्यांना जन्माचा कंटाळा, शाळा सुटल्यापासून सहीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. वजनाच्या खाली, वाकड्यातिकड्या मोठ्या अक्षरांत, एकेक काना सावकाश ओढत त्यांनी लिहिलं:

'दादाने हात लावायचा नाही.'

मग खडू परत दिला आणि कटर काढायला गेले.